मठाच्या आडातली घट

कुमठाळी, ता. निलंगा, जि. लातूर
१८ नोव्हेंबर १९८२

प्रिय भुजंग,

शरणार्थ. यापुढे पत्त्यात जिल्हा लातूर लिहीत जा. उस्मानाबाद लिहिलेलं तुझं पोळ्याचं कार्ड तिकडं फिरून दसऱ्याच्या सुमारास मला मिळालं. ग्रामपंचायतीचे कागद अजून जुन्या नावानेच छापलेले आहेत. शिपाई नरसिंग त्या नावावर पट्टी लावून रेघ मारतो आणि बाजूला लातूर लिहितो. जिल्हा जवळ आला एवढं खरं. पाऊस मात्र आला नाही. मृगात थोडा पडला, नंतर नाही. तूर वीतभर राहिली. ज्वारी बऱ्याच जणांनी पेरलीच नाही.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. एका गणितात अडलो आहे. शाळेत गुरुजींनी हिशेब घातला की त्याचं उत्तर दारातून यायचं, कारण तुला दारापाशी बसवलेलं असायचं. मी पुढच्या रांगेत बसून तुझं उत्तर पाटीवर उतरवत असे. तू आता नांदेडला हायस्कुलात गणित शिकवतोस. मी चौथीनंतर बैलामागे गेलो. तेव्हा विचारायला लाज वाटत नाही.

तहसिलातून एक साहेब आले होते. म्हणाले, गावच्या सार्वजनिक आडाचं पाणी मागच्या दिवाळीपेक्षा पन्नास टक्के किंवा जास्त घटलं असेल तर टँकर मिळेल. शेकडा घट किती ते काढून पाठवा. टँकर ज्या आडाची घट असेल त्या आडात ओततील. ग्रामसेवकाकडं तीन गावं आहेत, तो सापडत नाही. म्हणून सरपंच विरूपाक्षने हे काम माझ्यावर टाकलं, कारण मठाच्या आडात दोर मीच सोडतो.

ती पद्धत तुला आठवत असेल. दिवाळीच्या पाडव्याला पूजा झाली की पितळी तांब्या दोराला बांधून आडात सोडायचा. दोराला हाताहातावर गाठ आहे. तांब्या पाण्याला टेकला की वरच्या गाठी मोजायच्या आणि लोकांना सांगायचं, यंदा पाणी इतक्या हातांवर आहे. मागच्या पाडव्याला ते बारा हातांवर होतं, परवा चोवीस भरले.

विरूपाक्ष आडाच्या काठावरच म्हणाला, "अप्पा, बाराचे चोवीस झाले. दुप्पट. म्हंजे शंभर टक्के घट. लिहा."

मी म्हणालो, "शंभर टक्के घटलं तर आड कोरडा पाहिजे. आत पाणी दिसून राहिलंय की."

"दिसंना का. दोर खोटं बोलतो का?"

दोर खोटं बोलत नाही हे मलाही पटतं. पण शंभर टक्के घटूनही पाणी उरतं कसं, ते समजत नाही. तू उलगडा कर. तुझी आई केवळामाय बरी आहे. परवा बाजारात दिसली.

तुझा,
गुरुपादप्पा


नांदेड
२५ नोव्हेंबर १९८२

प्रिय अप्पा,

जयभीम. तुझं पत्र वर्गात नेऊन मुलांना वाचून दाखवलं. नावं सांगितली नाहीत. एक मुलगा म्हणाला, दोर वाढला सर, पाणी कुठं मोजलं त्यांनी? त्याने बरोबर पकडलं.

दोर खोटं बोलत नाही, पण तो पाण्याविषयी बोलतच नाही. काठापासून पाण्यापर्यंत जी रिकामी जागा आहे तिची लांबी तो सांगतो. बाराचे चोवीस झाले ते रिकामेपणाचे. पाण्याची घट काढायची तर पाणी मोजावं लागेल, म्हणजे तळापासून वर. समज, आड अमुक हात खोल आहे. त्यातून बारा वजा केले की मागच्या वर्षीचं पाणी, चोवीस वजा केले की यंदाचं. दोन्हींतला फरक ही घट. तिला पाण्याने भागायचं, शंभराने गुणायचं. झालं.

तेव्हा आधी तळ किती हातांवर आहे ते पाहा. मला तो सांगता येणार नाही. माझा बाप सटवाजी त्या आडात उतरून गाळ काढायचा, त्याला माहीत होता. गाळ काढून वर आला की तुमच्याकडचे लोक आड धुऊन पवित्र करत. बापाला तळ माहीत होता आणि मला काठही माहीत नाही. आई खाली घागर ठेवून उभी राहायची, कुणीतरी वरून ओतायचं, मी तिच्या मागे. आता कुणी अडवत नाही असं ऐकतो. पण आमच्यातलं कुणी जातही नाही, असंही ऐकतो.

आईचं तू एका ओळीत लिहिलंस. मला तिची काळजी आहे. ओढ्यापलीकडचा आमच्या वस्तीचा आड बहात्तरच्या दुष्काळी कामात सरकारने खोदलेला, तो मुळातच उथळ. त्याला पाणी किती आहे ते बघून कळव. पाण्याची सोय झाली नाही तर संक्रांतीला येऊन मी तिला इकडं आणणार आहे. रजा टाकून ठेवली आहे. तिला यायचं नाही. मागच्या खेपेला म्हणाली, "तुझ्या तिथं नळ हाय, पर बोलाया कोण हाय?" सून दिवसभर दवाखान्यात नोकरीला, मी शाळेत. तिचं म्हणणं चूक नाही. पण पाण्यावाचून तिथं ठेवू कशी?

इथं गोदावरीच्या घाटाच्या ज्या पायऱ्या कधी दिसत नव्हत्या त्या दिसू लागल्या आहेत.

तुझा,
भुजंग


कुमठाळी
६ डिसेंबर १९८२

प्रिय भुजंग,

शरणार्थ. तुझं पत्र यायच्या आधीच विरूपाक्षने शंभर टक्के लिहून कागद पाठवला होता. त्यावर साहेब जीप घेऊन आले. आडात वाकून पाहिलं. आत त्यांचं तोंड दिसलं. म्हणाले, "सरपंच, शंभर टक्के घटलेल्या पाण्यात मला माझी टोपी दिसून राहिली." सगळे हसले, विरूपाक्षही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. साहेब भला माणूस. म्हणाला, पुन्हा नीट काढून पाठवा.

मग मी तुझं पत्र काढलं. तळ मोजायचा म्हणताच मठाच्या ओट्यावर गडबड झाली. आपल्याकडं तांब्या पाण्याला टेकवतात, तळाला नाही. तळाशी महादेवाची पिंड आहे म्हणतात. म्हातारे बसलिंगप्पा काठी आपटून म्हणाले, "तुझ्या आज्यानं टेकवला न्हाई, बापानं न्हाई. तू कोण लागून गेलास रे?"

मी घरी आलो. दोन दिवस पूजेत मन लागलं नाही. तुझ्या पत्रातली एक गोष्ट मनात फिरत होती. सटवाजीकाका गाळ काढायला उतरत होते. म्हणजे ते तळावर उभे राहत होते. तिथं पिंड असेल तर त्यांनी ती पाहिली असेल, कदाचित हातांनी पुसलीही असेल. त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही. आम्ही आड धुतला आणि पिंडीची गोष्ट सांगत राहिलो.

आज सोमवारी स्नान करून, उन्हं वर आल्यावर, सगळ्यांसमोर तांब्या सोडला. चोवीस गाठींना पाणी लागलं, तरी दोर सोडत गेलो. माणसं काठावर वाकली. बेचाळिसाव्या गाठीला दोर ढिला पडला. मी देवाचं नाव घेतलं आणि ओढून घेतला. तांब्याच्या बुडाला चिखल लागला होता, बारीक, काळा. मी तो बोटाने कपाळाला लावला. बसलिंगप्पा उठून गेले. पण जाताना वळून विचारलंच, "किती भरलं?"

तर हिशेब असा. आड बेचाळीस हात. मागच्या वर्षीचं पाणी तीस हात, यंदाचं अठरा. घट बारा. पाणी आहे अठरा, म्हणून बाराला अठराने भागलं, शंभराने गुणलं. सदुसष्टला थोडं कमी आलं. पन्नासच्या वर गेलं. विरूपाक्षने मला मठातच कडकडून मिठी मारली. त्याला निवडणुकीची काळजी आहे, मला गावाची.

कागद तयार आहे. पण एकदा हसं झालं आहे, म्हणून तू तपासून दिल्याशिवाय पाठवणार नाही, असं मी विरूपाक्षला सांगितलं. तो म्हणाला, "तपासायला काय हाय त्यात? बरं, तुमच्या मास्तराचा शिक्का येऊ द्या." लवकर लिही.

तुझा,
गुरुपादप्पा


नांदेड
१३ डिसेंबर १९८२

प्रिय अप्पा,

जयभीम. गणित चुकलं आहे. आणि चूक माझी आहे. 'पाण्याने भागायचं' एवढंच मी लिहिलं. कोणत्या पाण्याने ते लिहिलं नाही. शाळेत ही ओळ मी फळ्यावर खडूने अधोरेखित करतो आणि तुला लिहिताना विसरलो.

भागायचं ते जुन्याने. घट ज्यातून झाली त्याच्याशी घट ताडून पाहायची, उरलं त्याच्याशी नाही. माझ्या वर्गात जूनमध्ये चाळीस मुलं होती. दहा मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली, तीस राहिली. दहा गेली ती चाळिसांतून गेली. म्हणून घट पंचवीस टक्के. तिसांनी भागून तेहतीस म्हटलं तर जी मुलं गेली त्यांनाच वर्गातून वगळून मोजल्यासारखं होतं. आणखी एक बघ. उरलेल्याने भागायचं ठरवलं तर कोरड्या आडाची घट काढताच येणार नाही, कारण शून्याने भागता येत नाही.

म्हणजे बारा भागिले तीस. चाळीस टक्के.

हे पत्र दोन दिवस टेबलावर पडून होतं. तुझं उत्तर बरोबर आहे एवढंच लिहिलं असतं तर टँकर आला असता. कुणी तपासलं नसतं, कदाचित. मुलांच्या वह्यांत मी याच चुकीवर लाल रेघ मारतो. तुझ्या कागदावर मारली नसती तर उद्या वर्गात हात उचलला नसता. माफ कर.

आता दुसरं. वस्तीच्या आडाला पाणी किती आहे ते मी विचारलं होतं. तुझ्या पत्रात त्याचं काही नव्हतं. शेजारच्या सिंधूच्या हातून आईचं कार्ड आलं, त्यात होतं. तिचेच शब्द लिहितो: "आड दसऱ्याला आटला. वड्यात झिरा उकरलाय. वाटीनं भरावं लागतं, एका घागरीला निम्मी सकाळ जाती. तू काळजी करू नको."

मी तुला दोष देत नाही, अप्पा. तू बेचाळीस हात खाली दोर सोडलास, ते सोपं नव्हतं हे मला माहीत आहे. पण साहेबांनी गावचा सार्वजनिक आड म्हटलं. आमचा आड सरकारी पैशाने खोदलेला आहे, ग्रामपंचायतीच्या दप्तरी आहे. त्यात मागच्या दिवाळीला नऊ हात पाणी होतं, आईला विचार. आज शून्य. घट नऊ, भागिले नऊ, गुणिले शंभर.

ही घट काढायला तळाला तांब्या लावायची गरज नाही. तळ उघडाच आहे.

तुझा,
भुजंग


नांदेड
४ जानेवारी १९८३

(कार्ड)

अप्पा, जयभीम. तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. मागच्या पत्रात काही लागलं असेल तर ते माझ्या लिहिण्याचं समज, मनातलं नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी निलंग्याच्या एसटीने निघतो आहे. आईला सांग, भांडी बांधू नको, इथं आहेत.
भुजंग


कुमठाळी
९ जानेवारी १९८३

प्रिय भुजंग,

शरणार्थ. तुझं लागलं नाही. लागलं ते माझं मला. तू वस्तीच्या आडाचं विचारलं होतंस आणि मी तुला उत्तर लिहायला बसलो तेव्हा तुझं पत्र समोर उघडं होतं. ती ओळ मी वाचली होती. तरी तो आड गावचा आहे हे मला सुचलं नाही. आठवण राहिली नाही असं लिहिणार होतो, पण तसं नाही. मी गावचे आड मोजत होतो आणि तो मोजण्यात नव्हता.

चाळीस टक्क्यांचं तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी ओढा ओलांडून वस्तीत गेलो. केवळामाय झिऱ्यापाशी बसली होती. वर न बघता म्हणाली, "कोण? अप्पा? वाट चुकला का?" मी म्हणालो, आड बघायला आलो. म्हणाली, "बघ की. आता त्यात पडला तरी बुडायचा न्हाई." मागच्या दिवाळीला नऊ हात पाणी होतं, तेही तिनेच सांगितलं, आणि आणखी चार बायांनी.

मग मी नवा कागद केला. मठाचा आड, घट चाळीस टक्के. वस्तीचा आड, घट शंभर टक्के. विरूपाक्षने तो दोनदा वाचला.

"अप्पा, हे असं पाठवलं तर टँकर तिकडं वततील. हिकडं न्हाई."

"हाव."

"मग आपल्या बायांनी काय करायचं?"

"ओढा ओलांडायचा. मी ओलांडला, पाय ओले होत नाहीत, कोरडाच हाय."

"मस्करी करून राहिले का?"

"न्हाई. तुला टँकर पाहिजे का न्हाई, एवढं सांग."

तो उठून दारापर्यंत गेला, परत आला. म्हणाला, सदुसष्टचा कागद पाठवला असता तर काय बिघडलं असतं. मी म्हणालो, साहेब पुन्हा आला असता आणि या वेळी हसला नसता. त्याने सही केली. वाईट माणूस नाही तो. गावाला पाणी हवं होतं आणि पन्नासच्या वरचा दुसरा आकडा कुठंच नव्हता.

साहेबांनी येऊन वस्तीच्या आडात वाकून पाहिलं. काही दिसलं नाही. शुक्रवारी टँकर आला.

पहिल्या दिवशी आपल्याकडचं कुणी गेलं नाही. मठाच्या आडात अठरा हात पाणी आहे, आणखी महिनाभर चालेल, असं बोलणं झालं. पण दुपारी पोहरा सोडला तर पाणी आणखी चार हात खाली गेलेलं. एवढ्या माणसांना ते पुरणार नाही हे सगळ्यांना कळत होतं. शनिवारी सकाळी मी देवाच्या स्नानाचा तांब्या घेऊन ओढा ओलांडला. रांगेत उभा राहिलो. पोहरा हातात आला तेव्हा पाणी ओढून घेतलं. परत येऊन महादेवाला त्या पाण्याने स्नान घातलं. बसलिंगप्पा ओट्यावर होते. कुठलं पाणी ते त्यांनी विचारलं नाही, त्यांना ते माहीत होतं. मी तीर्थ पुढे केलं. त्यांनी आधी हात मागे घेतला, मग पुढे केला. मला त्याहून जास्त काही नको होतं.

दुपारी विरूपाक्षची आई सिद्धम्मा गेली. मी तिच्या मागे होतो, म्हणून पाहिलं. ती आडापासून चार पावलं अलीकडं थांबली, घागर खाली ठेवली आणि उभी राहिली. कुणी ओतायची वाट बघत होती. केवळामाय काठावर बसून कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"सिद्धम्मा, पुढं ये की. पोहरा हितं हाय."

"तू घाल की दोन पोहरे. माझं हात दुखतेत."

"माझं काय कमी दुखतेत व्हय? हितं वरून घालायची पद्धत न्हाई. ज्याचं त्यानं वढायचं."

"जड हाय गं पोहरा."

"पाणी हाय म्हणून जड हाय. दसऱ्याला रिकामा वढला मी, हलका फूल होता."

बायांत हशा पिकला. सिद्धम्मा आधी रागावली, मग तीही हसली आणि पुढे होऊन पोहरा सोडला. दोन पोहरे ओढून तिला धाप लागली. मग केवळामायनं तिसऱ्याला दोराला हात लावला. दोघींनी मिळून ओढला. घागर भरल्यावर सिद्धम्मा लगेच गेली नाही. दोघी तिथंच बसल्या. सिद्धम्माच्या नातीचं लग्न कुठं ठरतंय, तिथपर्यंत बोलणं गेलं होतं, तेव्हा मी निघालो.

सगळं सुरळीत झालं असं मी लिहीत नाही. काही घरं अजून येत नाहीत. काही जण पाणी नेतात आणि वाटेत घागरीवर गोमूत्र शिंपडतात, मला दिसलं आहे. टँकर उन्हाळ्यापर्यंत राहील की नाही कुणी सांगत नाही.

संध्याकाळी तुझं कार्ड दाखवायला वस्तीत गेलो. सिंधूनं वाचून दाखवलं. तू आदल्या दिवशी येणार, भांडी बांधू नको म्हणतोस, हे सगळं केवळामायनं ऐकून घेतलं. मग निरोप दिला. मला म्हणाली, जसा सांगते तसा लिही, तुझं गणित घालू नको त्यात. तसाच लिहितो:

"भुजंगाला म्हणावं, संक्रांतीला तीळगूळ खायाला ये, मला न्यायाला येऊ नको. इतकी वर्सं ह्या वाटंनं कुणी फिरकत नव्हतं. आता समदं गाव माझ्या दारावरून जातंय. त्यांच्याशी माझं लई बोलायचं राहिलंय."

तुझा,
गुरुपादप्पा